घायपाताची हद्द

आमचे मुखिया, थोरले चालुंडा, वारून महिना झाला असेल-नसेल, आणि एका सकाळी गावातल्या तीन म्हाताऱ्या माझ्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मी घेवडा झोडपत होतो. पुढ्यात वाळलेल्या शेंगांचा ढीग, हातात दांडकं, अंगभर फोलपटं. त्यांना बघून मी दांडकं खाली ठेवलं नाही. तिघी मिळून येतात तेव्हा काहीतरी गळ्यात घालायलाच येतात, आणि हातात काम असलं की माणसाला नाही म्हणायला बरं पडतं.

"जकेयो, दांडकं ठिव," दोलिका म्हणाली. तिघींत तीच थोरली. आमच्याकडं मुखियाची खुर्ची बापाकडून लेकाला जात नाही, मामाकडून भाच्याला नाहीतर भाचीला जाते, आणि कुणाला बसवायचं ते कुळातल्या म्हाताऱ्या ठरवतात. जो बसेल त्याचं नाव चालुंडा. गावाचंही तेच नाव.

"कान मोकळे हाईत. बोल."

"आमी थोरल्यांच्या भाचीला, सिनोलियाला बसवायचं ठरिवलंय."

दांडकं अधांतरीच राहिलं माझं.

"सिनोलियाला? आगं, तिनं बोकडाला हाड् म्हनलं तर बोकडाला वाटतं कुनीतरी उसासा टाकला. ती बैठकीत बसून काय करनार?"

बाकीच्या दोघी हसल्या. दोलिका हसली नाही.

"झालं तुझं? लोकास्नी हसवून झालं आसंल तर ऐक. बिलियातीला बसवावं तर तो दुपारीच झिंगतो. त्येचा धाकटा भाऊ शेरात गेला तो तिकडचाच झाला. ऱ्हायली ही. गावात कुनी आजारी पडलं तर उशाला कोन बसतं? हीच. कुनाच्या घरातलं कुनाला सांगत न्हाई, कुनाचं चिमूटभर मीठ बुडवत न्हाई. फकस्त तोंड उघडत न्हाई. ते तू उघडायचं."

"म्या?"

"दोन मुखियांचं कारभारपन केलंस. बोलन्यात तुझा हात धरनारा हाय का कुनी ह्या डोंगरात? शिकीव तिला."

"तिला सोताला पायजे का खुर्ची?"

"न्हाई म्हनती. रडती. म्हनून तर तुझ्याकडं आलोय."

मी हो म्हणालो. म्हाताऱ्यांना वाटलं, कुळाच्या इभ्रतीपायी म्हणाला. त्या गेल्या, आणि मी त्या शेंगांपुढं तसाच बसून राहिलो. सिनोलियाचं तोंड का मिटलं हे गावातल्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं, पण ते विसरले होते. मी विसरलो नव्हतो.

सांगूनच टाकतो.

वर डोंगरउतारावर आमचा मका पावसावर येतो. पाऊस सरला की सगळं पिवळं पडतं, आणि मग ओढ्याकाठच्या ओलीच्या जमिनीतच काय ते हिरवं दिसतं. भोपळ्याचे वेल, मोहरीचा पाला, ऊस. ज्याच्याकडं ओलीचा तुकडा, त्याच्या घरी उन्हाळ्यातही मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा घास कोरडा जात नाही. माझा तुकडा आणि एलुबीचा तुकडा शेजारी शेजारी. मध्ये हद्दीला घायपाताची रांग. एलुबीचा नवरा वारलेला, पाठीला भाऊ नाही, डोक्यावर मामा नाही. बैठकीत तिच्या वतीनं उभं राहील असं कुणीच नाही.

एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी सगळं गाव शेजारच्या गावी मयतीला गेलं होतं. मी कंबर दुखते म्हणून मागं राहिलो. घायपाताची नऊ रोपं खणून काढली आणि एलुबीच्या बाजूला सात पावलं सरकवून लावली. ओढ्यापासून थेट वरच्या बांधापर्यंत. त्या साली दुष्काळ होता, बहिणीची लेकरं उपाशी होती, असं मी माझ्या मनाला सांगत आलोय. पण दुष्काळ पडला तो पुढल्या साली. त्या साली माझा ऊस झकास आला होता आणि मला आणखी लावावासा वाटला. एवढंच होतं ते.

एलुबी बैठकीत गेली. साक्षीदार कोण, म्हणून विचारलं तर सिनोलिया. नऊ वर्षांची पोर. शेरडं राखत होती, तिनं सगळं बघितलं होतं. बैठकीच्या त्या मोठ्या उंबराखाली उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जकेयोमामानी घायपात उपटलं आनि तिकडं लावलं. म्या मोजलं. सात पावलं."

तेव्हा तिचा आवाज खणखणीत होता. वरच्या बांधावर बसलेल्यांनाही ऐकू गेला.

मी उठलो. घाबरलो होतो, पण तोंडावर हसू होतं. म्हणालो, "बाये, मोजता येतं म्हनतीस. उजवा हात वर कर बगू." तिनं घाईत डावा केला. लोक हसले. "बरं, आता डावा कर." तिनं दोन्ही वर केले. "तुझी शेरडं किती?" "अकरा." "त्या दिशी घरी किती आनलीस?" ती अडखळली. "धा." "अकरावं बी म्याच लावलं आसंल जिमिनीत!"

बैठक फुटली हसून. थोरले चालुंडाही मांडीवर थाप मारून हसले. पोर मध्येच उभी. तिच्या पायांमधल्या धुळीत पाणी सांडलं आणि काळा डाग पसरत गेला. मग तर लोक गडाबडा लोळायचेच बाकी राहिले.

एलुबीचं म्हणणं तिथंच निकालात निघालं. पोरं सिनोलियाला 'ओली' म्हणायला लागली. ती कमरेच्या कापडाचं टोक तोंडावर धरून कुजबुजायला लागली, ती आजतागायत. लग्न झालं, लेकरं झाली, नवरा गेला, केस पिकायला लागले, पण ते टोक काही तोंडावरनं खाली आलं नाही.

आणि तिला बोलायला शिकवायला म्हाताऱ्यांनी मला निवडलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. कणगीच्या सावलीत बसली, कापडाचं टोक तोंडावर. मी कापड हलताना बघितलं म्हणून कळलं की ती बोलते आहे.

"मामा, त्यास्नी सांगा, मला न्हाई जमायचं."

"आदी बसायला शीक, मग बोलायचं बगू."

पहिले पंधरा दिवस मी जे काही केलं ते सगळं वाया गेलं. ताठ उभी राहा, म्हटलं. हनुवटी वर, काठी जमिनीवर आपट, शेवटच्या माणसाकडं बघून बोल. थोरल्या चालुंडांना मी हेच शिकवलं होतं, आणि ते तर बैलासारखे डुरकायचे. हिचं उलटं. माझ्यासमोर उभी राहिली की वरच्या ओठावर घाम, आवाज पोटात. मी जितकं धीर दे-देऊन सांगावं तितकी ती आकसायची. मला कळत होतं का ते. तिच्यासमोर जे तोंड होतं ते माझं होतं.

मग एक दिवस मी तिच्याकडं पाठ करून बसलो. म्हणालो, "आज म्या हद्दीचा धोंडा. माझ्याकडं बगू नगंस. काय सांगायचं ते धोंड्याला सांग." त्या दिवशी पहिल्यांदा दोन पुरी वाक्यं ऐकू आली. ओढ्याचं पाणी घटलंय आणि वरची माणसं पाट अडवतात, एवढंच. पण ऐकू आली.

थंडी पडली. त्या दिवसांत आमच्या डोंगरावर धुकं उतरतं, बारीक चिरचिर लागते आणि माणसं चुलीपाशीच असतात. माझा घेवडा अजून अर्धा सोलायचा होता. मी टोपली तिच्यापुढं सारली. "नुसती बसतीस त्यापरीस सोल." तिनं सोलायला घेतला, आणि सोलता सोलता शेरडांच्या रोगाबद्दल बोलायला लागली. कुठलं शेरडू कसं लंगडलं, कुठला पाला चारला, कोण काय म्हणालं. कापडाचं टोक कधीच गळून पडलं होतं. दोन्ही हात कामात होते, तोंडावर धरायला हातच मोकळा नव्हता. मी हूं का चूं केलं नाही. तिला कळू द्यायचं नव्हतं की ती बोलते आहे.

तिथनं गाडी रुळावर आली. रोज टोपली तिच्या मांडीवर, आणि मी भांडायला येणारा माणूस. कधी मी चोर, कधी सासू, कधी दोन बायकांचा दादला.

"मुखीणबाई, माझा भोपळा खाल्ला वो! पार वेलासकट खाल्ला!"

"कुनी खाल्ला?"

"शेरडानं."

"कुठल्या?"

"काळ्या!"

"काळी शेरडं गावात चाळीस हाईत."

"कान तुटल्याली व्हती!"

"कान तुटल्याली बिलियातीची हाय. मग त्येच्या दारात जा की, माझ्या दारात कशापायी वरडतूस?"

शेवटचं ती इतक्या जोरात म्हणाली की कोंबड्या उडाल्या. तिची तीच दचकली. आणि मला हसू आलं. चांगल्या मनानं आलं, आनंदानं आलं, पण मोठ्यानं आलं. तिचे दोन्ही हात टोपलीतनं निघाले आणि कापड थेट डोळ्यांपर्यंत गेलं.

त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही. चार दिवस आलीही नाही. ते चार दिवस मी अंगणात एकटा शेंगा सोलत बसलो. बायको म्हणाली, "जेवत का न्हाई?" काय सांगणार? आली तेव्हा मी तिच्यासमोर पुन्हा कधी हसलो नाही. आजवर नाही.

एकदा अशीच सोलत बसली असताना तिनं विचारलं, "मामा, मानूस खोटं बोलतोय हे वळखायचं कसं?"

मी कारभारी. हे मला नाही तर कुणाला ठाऊक? सांगायला लागलो. "खोटा मानूस तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत न्हाई, तुलाच प्रश्न इचारतो. खऱ्या मानसाला आपलं म्हननं पटवायचं आसतं. खोट्याला बैठक आपल्या बाजूला वळवायची आसती. जो हसवतो ना बैठकीला, त्येच्यावर नजर ठिव."

बोलून गेलो आणि मग ऐकलं मी काय बोललो ते. तिचे हात थांबले होते. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मग पुन्हा सोलायला लागली.

"बरं," म्हणाली.

तिला आठवतंय की नाही, हे मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

थंडीच्या शेवटाला वरचे मोठे मुखिया आले, ढोल वाजले, बायका नाचल्या, थोबवाची, मक्याच्या गोड पेयाची, मडकी रिकामी झाली आणि सिनोलिया खुर्चीवर बसली. चार वाक्यं बोलली. चारही ऐकू आली. त्यानंतर दर गुरुवारी बैठक. ती खुर्चीवर, मांडीवर घेवड्याची टोपली, डाव्या अंगाला मी. पहिल्याच गुरुवारी बिलियाती तोंड वेंगाडून म्हणाला, "खुर्चीत बसून शेंगा सोलत्यात व्हय? आसली मुखीण नव्हती बा बगितली."

ती म्हणाली, "तुमचं तोंड चालू द्या, काका. माझं हात चालू द्या. बगू कुनाचं आदी उरकतं ते."

लोकांना आवडलं ते. हळूहळू लोक लांबनं यायला लागले. ती घाई करायची नाही, कुणाला तोडायची नाही, आणि सोलता सोलता असा एखादा प्रश्न विचारायची की समोरच्याची दातखीळ बसायची. म्हाताऱ्या माझ्या पाठीवर थाप मारून जायच्या. "जकेयो, सोनं केलंस पोरीचं." ती थाप मला लागायची.

उन्हं तापली. डोंगर जाळायचे दिवस आले, हवेत राख, पायाखाली धूळ. वरची रानं ओस पडली आणि सगळ्यांचे डोळे ओलीच्या जमिनीकडं लागले. अशा एका गुरुवारी एलुबी आली. नातीच्या खांद्यावर हात ठेवून, काठी टेकत टेकत. डोळे जवळजवळ गेलेले. उंबराखाली खाली बसली आणि दम खाल्ला.

"माझी एकच कागाळी हाय," म्हणाली. "जुनी हाय. एकदा आनली व्हती, मग पुन्यांदा आनली न्हाई, कारन खुर्चीवर ऐकनारं कुनी नव्हतं. आता हाय म्हनत्यात. माझी सात पावलं जिमीन जकेयोच्या उसाखाली हाय."



सिनोलियाचे हात टोपलीत थांबले. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं.

"मामा, कारभारी म्हनून सांगा. मुखियाच साक्षीदार आसला तर रीत काय?"

आता इथं खरं सांगायचं तर, रीती दोन आहेत. एक अशी की मेलेल्या मुखियानं दिलेला निवाडा नव्या मुखियानं उघडायचा नाही. जुनी रीत आहे ती. माझ्याशिवाय ठाऊक असलेलं कुणी जिवंत नव्हतं. माझ्या जिभेवर आली. मी ती म्हटली असती तर एलुबी आली तशी गेली असती आणि कुणाला काही वावगं वाटलं नसतं.

सिनोलिया वाट बघत होती. घाई नाही. तिला वाट बघायला मीच शिकवलं होतं.

"मुखिया खुर्चीवरनं उतरतो," मी म्हणालो. "खाली, साक्षीदाराच्या जागी बसतो. निवाडा कुळातली थोरली बाई देती."

ती उठली. टोपली खुर्चीवर ठेवली. उंबराखाली, त्याच जागी, धुळीत जाऊन बसली. दोन्ही हात मोकळे होते. ते तिनं गुडघ्यांवर ठेवले आणि सांगितलं. कुठली दुपार, कुठं शेरडं होती, मी कोणत्या टोकाकडनं खणायला लागलो, सदरा काढून कुठं ठेवला होता. नऊ रोपं. सात पावलं. आवाज मोठा नव्हता, पण कुणाला कान टवकारावे लागले नाहीत.

"कारभारी," दोलिका म्हणाली, "साक्षीदाराला इचारा काय इचारायचं ते."

रीतच तशी. साक्षीदाराला उलटं विचारायचं काम कारभाऱ्याचं. मी उठलो. सगळं गाव माझ्या तोंडाकडं. काही जणांच्या ओठांवर हसू तयार होऊन बसलं होतं. त्यांना सवय होती, जकेयो उठला की मजा येते.

मी म्हणालो, "एवढं समदं ठावं व्हतं, तर एकतीस वरसं गप का बसलीस?"

तो प्रश्न मी तिला उभं करायला विचारला की पाडायला, हे मला आजही कळलेलं नाही. मी खूप विचार केलाय त्याचा. कधी वाटतं, तिनं ते सांगावं म्हणूनच विचारला. कधी वाटतं, जित्याची खोड, जीभ आपोआप चालली.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बैठकीकडं बघितलं, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत.

"म्या गप नव्हते," म्हणाली. "म्या नऊ वर्षांची आसताना हितंच सांगटलं व्हतं. तुमी मला हात वर करायला लावला. माझा उजवा-डावा चुकला. समदी हसली. भ्याले म्हनून माझा कपडा वला झाला, तवा आनिक हसली. दोलिका आजी, तू बी हसलीस. बिलियातीकाका, तुमी मला आजून माघारी 'वली' म्हनता, मला ऐकू येतं. म्हनून गप बसले. आता तुमी मला ह्या खुर्चीत बसवलंय. सात पावलं व्हती. आजबी सातच हाईत. मोजा."

दोलिकानं मान खाली घातली होती. बिलियाती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

माझ्याकडं आणखी प्रश्न होते. किती होते म्हणता! पण मला पहिल्यांदा कळलं की एवढ्या माणसांसमोर शब्द न सापडणं म्हणजे काय.

"मोजायचं कारन न्हाई," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की मागच्यांनी "काय? काय म्हनला?" विचारलं. मला पुन्हा सांगावं लागलं. "मोजायचं कारन न्हाई. घायपात म्या हलिवलं. पोर खरं बोलली व्हती. तवाबी आनि आताबी."

दोलिकानं निवाडा दिला. आठ दिवसांत घायपात मूळ जागी, त्या सात पावलांतला उभा ऊस एलुबीचा, वर एक शेरडू. "आनि एकतीस वरसं हिच्या घरी जे कालवन शिजलं न्हाई," ती म्हणाली, "ते काय आता कुनाला भरून देता येत न्हाई." मग थोडं थांबून सिनोलियाकडं न बघताच म्हणाली, "आमी हसलो त्याचंबी तसंच."

घरी माझ्या भाच्यांनी, माझ्यामागं ही जमीन ज्यांची, मला धारेवर धरलं. "म्हातारपनी शानपन सुचलं व्हय? मरस्तवर गप बसला आसतास तर काय बिगडलं आसतं? आमच्या तोंडचा ऊस गेला!" त्यांचंही खरं होतं. इतकी वर्षं मी त्यांना चोरीचं खाऊ घातलं होतं, त्यांना न सांगता.

कारभारपणाची काठी घेऊन मी सिनोलियाच्या घरी गेलो. ती अंगणात मका कांडत होती. मी काठी भिंतीला टेकवली.

"ही ठिव. दुसऱ्या कुनाला तरी दे."

ती कांडत राहिली. "पुढल्या गुरुवारी पाटाच्या पान्याचं भांडान हाय. वरच्या गावची मानसं येनार. त्यांच्या चार पिढ्यांचं करारमदार तुमच्याबिगर कुनाला ठावं हाईत?"

"लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या की. तुमीच शिकिवलंय, लोक म्हनत्यात तवा मान वर ठिवायची म्हनून."

मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "तुला पयल्या दिसापासनं आठवत व्हतं?"

"आठवत व्हतं."

"आनि तरी माझ्याकडनंच शिकलीस?"

मुसळ थांबलं. "आवाज तुमीच घिऊन गेला व्हता, मामा. दुसऱ्या कुनाच्या दारात मागायला जाऊ?"

मला वाटलं आता ती रडेल, किंवा मी. दोघंही रडलो नाही. मी म्हणालो, "मला माफ कर, बाये."

"आज न्हाई," ती म्हणाली. तोडून नाही, जशी ती बैठकीत तारीख पुढं ढकलते तशी. "जवा करीन तवा सांगीन. काठी घिऊन जा."

घायपात मी माझ्या हातानं हलवलं. एकतीस वर्षांत एकेका रोपाला दहा-दहा पिल्लं फुटली होती, मुळं कोपरभर आत गेलेली. हातांची सालटं निघाली. आठ दिवस पुरले नाहीत, दोन जास्त लागले. एलुबीला नातीनं आणलं. ती अनवाणी पायांनी त्या सात पावलांवर इकडून तिकडं चालली, मग वाकून मूठभर माती उचलली, चोळली, हुंगली.

"ऊस लावून लावून हिला पार चोखलीस रं, जकेयो," म्हणाली. "हितं आता मोहरीबी धरायची न्हाई. नुसती जिमीन परत देतूस व्हय? घेतलीस तशी दे."

तेव्हापासनं मी खत वाहतोय. सकाळी उन्हं चढायच्या आत शेरडांच्या गोठ्यातली लेंडी गोळा करायची, पाटी डोक्यावर घ्यायची, उतार उतरून ओलीत यायचं, पसरायची. पाच-सहा खेपा झाल्या की छाती भरून येते, मग बांधावर बसायचं. गुरुवारी बैठकीला जातो. विचारलं तर रीत सांगतो, नाही विचारलं तर गप बसतो. लोक म्हणतात, जकेयो, बैठकीत पहिल्यासारखी मजा राहिली नाही. मी म्हणतो, नाही राहिली.

काल असाच पाटी रिकामी करत होतो. वरच्या वाटेनं सिनोलिया पाण्याला निघाली होती, डोक्यावर बादली, संगं चार-पाच बाया. ती थांबली. बराच वेळ खाली बघत राहिली. मी कंबर धरून उभा राहिलो. मनात आलं, आज सांगेल. एवढ्या बायांसमोर सांगेल.

तिनं बादलीला एक हात लावला, दुसरा लांब केला आणि हाक दिली. त्या हाकेनं ओढ्याच्या दोन्ही काठांवरची माणसं वाकलेली सरळ झाली.

"मामा! त्या वरच्या कोपऱ्यात कमी पडलंय!"

मी बघितलं. पडलं होतं कमी. पाटी उचलली आणि पुन्हा चढ चढायला लागलो.